काटा मध्येच असतो, पाणी उकळतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा आपल्या पुरवणीत उन्हाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यावी, अशी चौकट आली होती. टायरची हवा, वायपरची रबरं, बॅटरी, आणि शेवटी एक ओळ : 'रेडिएटरमध्ये पाणी भरून घ्यावे.' रेडिएटर म्हणजे इंजिनातलं गरम पाणी हवेवर निववणारा नळ्या-पात्यांचा संच. साहेब, ह्याच एका ओळीवर मी एस.टी.च्या कार्यशाळेत ३१ वर्षं पगार खाल्ला, आणि ह्याच ओळीने गेल्या मे महिन्यात मला चाळीसगाव-कन्नडमधल्या औट्रम घाटात दगडावर बसवलं. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री तुमच्याच हातात आहे.

आम्ही भडगावचे. गिरणेकाठी थोडी केळी, बाकी कपाशी. मुलाने दोन वर्षांपूर्वी डबल केबिनची फोर बाय फोर पिकअप सेकंडहँड घेतली, टर्बो डिझेल, म्हणजे इंजिनात दाबाने हवा कोंबणारी. मुळात तिच्यात ताकद कमी नव्हती, तरी पोराने एका मोठ्या शहरात जाऊन तिचा 'रीमॅप' करून आणला. लॅपटॉप लावून इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलतात. डिझेल जास्त सुटतं, टर्बोचा दाब वाढतो, पाय ठेवला की गाडी उडी मारते. मला त्यातलं एवढंच कळतं की डिझेल जास्त जळलं तर आग जास्त होणार, आणि त्या आगीतला ढोबळ पाव ते एक तृतीयांश वाटा पाण्यालाच उचलून बाहेर नेऊन टाकावा लागतो. ताकद वाढवली, रेडिएटर तोच. मी हे बोललो होतो. पोराने तापमानाच्या मीटरकडे बोट दाखवलं. "नाना, काटा बघा. मध्ये आहे."

कन्नडला भाचीचं लग्न होतं. दुपारी दोनला चाळीसगाव सोडलं. आत पाच माणसं, मागे आहेराची भांडी आणि केळीचे कॅरेट, एसी शेवटच्या आकड्यावर. अवजड वाहनांना बंदी झाल्यापासून घाट मोकळा असतो म्हणतात, लग्नसराईत नसतो. पुढे एक वऱ्हाडाची गाडी रांगत होती, तिच्यामागे आम्ही. तिसऱ्या वळणावर आधी एसी गरम हवा फेकू लागला. पोराला वाटलं गॅस संपला. खरं म्हणजे इंजिन जास्त तापलं की बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर एसीचा कॉम्प्रेसर आपणहून बंद करतो. तोच पहिला इशारा होता आणि तो आम्ही वाया घालवला. काटा तेव्हाही मध्येच. मग तो उठला आणि मिनिटभरात लालमध्ये गेला. बॉनेटखालून वाफ.

पोरगा फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण खोलायला धावला. मी ओरडायच्या आत कडेला ताक विकणारी बाईच ओरडली, "ओ भाऊ, झाकन खोलू नको, तोंड भाजी जाई!" त्या माउलीने घाटात असे किती प्रसंग पाहिले असतील देव जाणे. माझ्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत डाग आहे, तो असंच एक झाकण घाईत खोलल्याचा. दाबाखालचं पाणी शंभराच्या वर तापूनही पाणीच राहतं. झाकण सुटलं की त्याची एका क्षणात वाफ होते आणि ती समोरच्याच्या अंगावर येते.

पाऊण तास थांबलो. बोनेट उघडं, पाण्याचा पाइप हाताला सोसेपर्यंत कशालाही हात नाही. मग त्या बाईच्या ड्रममधलं बोअरचं पाणी, इंजिन चालू ठेवून, थोडं थोडं ओतलं. तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं की हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जातो, हे मी शेकडो पोरांना शिकवलंय. पण बोअरचं पाणी ओतणं हेही पापच (का, ते पुढे सांगतो), आणि ते त्या दिवशी मी केलं. दुसरा इलाज नव्हता. लग्नाला अक्षता पडल्यावर पोहोचलो.

घरी आल्यावर गाडी उघडली. पुढची जाळी काढली, एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस निववणारा भाग, सैल करून पुढे ओढला, आणि त्याच्यामागे, रेडिएटरच्या छातीवर, कापसाची गादी निघाली. अक्षरशः गादी. दोन बोटं जाड, धुळीने राखाडी झालेली, मध्ये किडे अन् पाचोळा. नखाने कोपरा उचलला तर रजईच्या थरासारखी अख्खी उलगडत आली. दोन मोसम ही गाडी जिनिंगला कापूस नेत होती. यार्डात तासनतास चालू उभी, पंखा हवा ओढतोय आणि हवेबरोबर उडता कापूस. समोरून पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ! सर्व्हिसिंगवाले पुढून पाण्याचा फवारा मारत होते, त्याने ती गादी आणखी घट्ट बसत होती. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारायचं असतं, आणि हलक्या दाबाने, नाहीतर बारीक पात्या झोपतात. आपल्याकडे जिनिंगला जाणाऱ्या गाड्या कमी नाहीत. मोसम संपला की हा थर एकदा बघाच.

पात्या मोकळ्या असल्या तरी मे महिना पाठ सोडत नाही. रेडिएटर उष्णता टाकतो ती पाण्याच्या आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर. पाणी ९५ अंश आणि थंडीतली हवा २५, तर फरक ७०. आपल्याकडे मेमध्ये हवा ४५, फरक उरला ५०. तोच रेडिएटर, पण काम दोन सप्तमांशाने कमी. त्यात एसीचा कंडेन्सर आणि टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर पुढे उभे. रेडिएटरला मिळते ती त्यांची उष्टी, तापलेली हवा. त्यावर कुणी जाडजूड बंपर, चार जादा दिवे आणि गोंडे लावतो. शोभा झाली, हवा अडली.

झाकणाचं रबर चिरलेलं निघालं. मला लाज वाटली ती याची, कारण खूण महिनाभर समोर होती. रोज सकाळी रेडिएटरचा वरचा पाइप चपटा, चोखलेल्या आंब्यासारखा. गार होताना पाणी आकसतं, तेव्हा झाकणातली छोटी झडप उघडून शेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीतलं पाणी आत घेते. ती अडकली की पाइप आत ओढला जातो. आणि वरचं रबर गेलं की दाब टिकत नाही. आमच्या झाकणावर १.१ असा आकडा आहे, तो दाबाचा, बारमध्ये. तो दाब टिकला तर साधं पाणीसुद्धा १२० च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही; नाही टिकला तर शंभराला उकळी. कसलंही झाकण बसतं म्हणून लावू नये, आकडा बघून लावावं.

पंख्याचा व्हिस्कस कपलिंग, म्हणजे इंजिन तापलं की पंख्याला जोरात फिरवणारा जोड, तोही मेलेला. तापलेलं इंजिन बंद करून, किल्ली काढून, पंख्याला हाताने झटका दिला तर तो चार फेऱ्या मोकळा फिरला. चांगला असता तर आतल्या सिलिकॉन तेलाने त्याला धरून ठेवलं असतं. नवा बसवल्यावर घाटात विमानासारखा आवाज येतो. पोरगा म्हणाला, "नाना, काहीतरी घासतंय." म्हटलं, तेच ऐकायला पैसे दिलेत.

आता पाण्याविषयी. इथे मी माझ्याच जुन्या सवयीविरुद्ध बोलतोय. आमच्या काळी रेडिएटर तांब्या-पितळेचे, कल्हईच्या जोडाचे. ड्रायव्हर हापशावर कॅन भरायचा आणि ओतायचा. दिवस निघायचे. आताचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, बाजूच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, नळ्या इतक्या बारीक की आत काडी जाणार नाही. आणि आपलं बोअरचं पाणी कसं, हे ज्याच्या घरी बंब आहे त्याला सांगायला नको; आतून खरवडला तर पांढरी खपली निघते. तीच खपली इंजिनाच्या आत बसते, उष्णता धातूतून पाण्यात जाऊ देत नाही, आणि क्षार ॲल्युमिनियमला खातात ते वेगळंच. म्हणून कूलंट, म्हणजे पाण्यात मिसळायचं ग्लायकॉलचं रसायन. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" असं विचारणारे गॅरेजवाले मला आजही भेटतात. कूलंट बर्फासाठी नाही हो. गंज थांबवायला आणि उकळी पुढे ढकलायला. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, आणि झाकण धड असेल तर उकळी १२५ च्याही पुढे जाते. पण जास्त तेवढं चांगलं असंही नाही. पोराने एकदा नुसतं घट्ट कूलंट भरलं होतं. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतो, म्हणजे गाडी उलट जास्त तापणार. तयार मिसळलेला डबा असेल तर त्यात पुन्हा पाणी घालायचं नाही. हिरव्यात गुलाबी तर मुळीच ओतू नये. रंग कंपन्या आपापल्या मर्जीने देतात, आतली रसायनं जुळली नाहीत तर गाळ धरतो. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तोच आणावा.

एका गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, "थर्मोस्टॅट काढून फेका, खान्देशात लागतोच कुठे!" थर्मोस्टॅट म्हणजे ठरावीक तापमानाला उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. हा सल्ला मीही तरुणपणी दिलाय, तेव्हा कुणाला दोष देऊ? पण पुष्कळ इंजिनांत गरम झाल्यावर थर्मोस्टॅटच बायपासचं तोंड बंद करतो. तो काढला की काही गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनातच घुमतं. म्हणजे काढला थंडाव्यासाठी आणि घाटात जास्त तापली! वर थंडीत इंजिन वेळेवर गरम होत नाही, कॉम्प्युटर त्याला गारच समजून डिझेल वाढवतो. मी आमचा थर्मोस्टॅट काढला, पातेल्यात दोऱ्याने टांगला, गॅसवर पाणी तापवलं, शेजारी थर्मामीटर. त्यावर ८२ कोरलेलं. ८३ ला केसाएवढी फट दिसली, ९५ ला पूर्ण तोंड उघडलं. बिचारा निर्दोष होता. मंडळींनी विचारलं, दुधाच्या पातेल्यात हे काय शिजवलंय. पातेलं त्या दिवसापासून गॅरेजचं झालं.

राहिला काटा. स्टिअरिंगखाली तपासणीचं सॉकेट असतं, त्यात बसणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं आणि पाण्याचं खरं तापमान मोबाइलवर दाखवतं. सगळी दुरुस्ती झाल्यावर पोरगा गाडी चालवत होता आणि मी वहीत लिहीत होतो. ८४ अंशाला काटा मध्ये. ९० ला तिथेच. ९८ ला तिथेच. मग मुद्दाम एसी लावून, तापत्या दुपारी, घाट वरच्या गिअरमध्ये रेटायला लावला : १०४, काटा तिथेच! कंपन्यांनी तो मुद्दाम तसा बांधलेला असतो, थोड्या चढउताराने गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून. तोपर्यंत माणूस झोपलेला आणि जागा होतो तेव्हा हेडगॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेलेलं. आमचं हेड वाचलं हे नशीब. त्याच घाटात खालचा गिअर टाकला, इंजिनाचे फेरे वाढले, पंप आणि पंखा दोन्ही जोरात फिरले आणि आकडा ९७ वर उतरला. लोक पाय हलका ठेवून वरच्या गिअरमध्ये इंजिनाला घुसमटवत चढतात आणि त्याला गाडी जपणं म्हणतात.

१०५ दिसला की आता आमच्याकडे एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण चालू. मेमध्ये हीटर म्हटलं की मागे बसलेली मंडळी शिव्या देतात, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. पाणी गळत नसेल तर सावलीला उभं राहून इंजिन तसंच चालू ठेवतो. पंप आणि पंखा त्याला निववतात. पाणी सांडलं असेल, पाइप फुटला असेल तर मात्र तत्क्षणी बंद.

आपल्या पत्रातून एक मागणी. पेट्रोल पंपावर फुकट हवा आणि पिण्याचं पाणी मिळतं, तसं घाटाच्या पायथ्याच्या पंपांनी डिस्टिल्ड वॉटरचे कॅन विकायला तरी ठेवावेत. चाळीसगाव सोडताना त्या दिवशी मी दोन ठिकाणी विचारलं, बॅटरीच्या पाण्याची एक बाटली मिळाली, तीही अर्धी उन्हाने उडालेली. आणि घाट सुरू होण्याआधी एक पाटी लावावी : 'एसी बंद करा, खालचा गिअर टाका.' घाटातला बोगदा व्हायचा तेव्हा होईल, पाटीला काय लागतं?

रीमॅप काढून टाक असं पोराला अजून सांगतोय. तो म्हणतो, मेपुरता काढतो, जूनमध्ये परत टाकतो. थर्मोस्टॅट तपासून हवा असेल त्याने भडगावात यावं, पातेलं आहेच.

आपला,
एक निवृत्त एस.टी. मेकॅनिक
भडगाव, जि. जळगाव