अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर

लेस्टर, इंग्लंड
१२ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोललो, पण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला हे सगळं सावकाश सांगायचं आहे, म्हणून पत्र लिहिते. काकू वाचून दाखवतील. इथे थंडी सुरू झाली. बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीचे दिवे चढवतायत, त्यामुळे घरची आठवण जरा जास्तच येते आहे.

तुम्हाला आठवतं का, दादाने मुंबईच्या रिदम हाउसमधून एक कॅसेट आणली होती? 'डीप पर्पल' या इंग्लिश बँडची, १९७२ मध्ये जपानात झालेल्या कार्यक्रमांची. तुम्ही माजघरात पेटी उघडून जर्मन सुरांच्या पितळी पट्ट्या साफ करत बसला होतात. आम्हाला वाटलं, आता ओरडा बसणार. तुम्ही हातातला ब्रश खाली ठेवलात, मान तिरकी करून बराच वेळ ऐकलंत आणि म्हणालात, "ऑर्गन आहे हा. पण हा माणूस भाता कशाने मारतो?" आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नव्हतं.

अण्णा, उत्तर इतक्या वर्षांनी देते आहे. त्या वाद्याला भाताच नसतो. तो वाजवणारा जॉन लॉर्ड याच लेस्टरचा. १९४१ मध्ये इथे जन्मला, इथल्याच विगस्टन शाळेत शिकला. मी रोज कामाला जाते त्या गावचा हा माणूस, आणि मला इथे येऊन चार वर्षं होईपर्यंत पत्ता नव्हता!

कळलं ते शेजारच्या आजोबांमुळे. मोज्यांच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते, आता निवृत्त. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नाही, हॅमंड ऑर्गन आहे. सी-३, लॉर्ड वाजवायचा त्याच जातीचा. महिन्यातून एकदा त्यांचे पाच-सहा दोस्त जमतात, सगळे सत्तरीच्या पुढचे. चहा होतो, थोडं वाजवणं होतं आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमांच्या गप्पा होतात. आता मलाही बोलावणं असतं. मी चिवडा नेते, तो त्यांना फार आवडतो.

तो ऑर्गन सुरू करायचीसुद्धा एक रीत आहे. 'स्टार्ट'चा खटका काही सेकंद दाबून धरायचा, आत मोटर घरघरत वेग घेते, मग 'रन'चा खटका टाकायचा आणि पहिला सोडायचा. मागची फळी काढून त्यांनी मला आतलं दाखवलं. छोटी दातेरी चक्रं, एकूण ९१, एकाच मोटरवर फिरणारी. प्रत्येकासमोर एक चुंबक आणि तारेचं वेटोळं. चक्राचा दाता चुंबकाजवळून गेला की वेटोळ्यात विजेची लहर उठते, तीच पुढे सूर होऊन ऐकू येते. मशीनच्या तेलाचा वास येत होता, अगदी आईच्या शिलाई मशीनसारखा. लॉरेन्स हॅमंड मुळात विजेवरची घड्याळं बनवायचा, त्यामुळे ही मोटरही विजेच्या आवर्तनांशी बांधलेली. जनरेटरवर कार्यक्रम असला आणि जनरेटर मंदावला, तर अख्ख्या ऑर्गनचा सूर उतरतो. ते ऐकून मला तुमचा सांगलीच्या भावे नाट्यमंदिरातला तो प्रयोग आठवला. लाईट गेली, रंगमंचावर मिट्ट काळोख आणि तुमची पायपेटी मात्र चालूच.

तुमच्या पायपेटीला स्टॉप असतात ना, तशा इथे ओढायच्या नऊ दांड्या. कुठली किती ओढली त्यावर आवाजाचा पोत ठरतो. पट्टी दाबली की खालचे धातूचे संपर्क जुळताना बारीकसा 'टक' ऐकू येतो. हॅमंडच्या लेखी तो दोष होता, वाजवणाऱ्यांना मात्र त्याच्याशिवाय चैन पडेना. आणि पाय! उजव्या पायाखाली एक पेडल असतं, आवाज कमी-जास्त करायचं. आजोबा वाजवताना मी त्यांचा पायच बघत होते. ओळ संपत आली की टाच किंचित खाली, नवी उचलताना पंजा पुढे. तुम्ही भात्यावर पाय सैल सोडून गायकाला श्वास घ्यायला जागा द्यायचात, तसंच अगदी. तुमचा प्रश्न बरोबर होता, अण्णा. वाद्याला भाता नसला तरी तो माणूस तुमच्यासारखा पायानेच फुंकर घालत होता.

गिटारच्या आवाजापुढे ऑर्गन ऐकू जावा म्हणून लॉर्डने तो गिटारवाल्यांच्या मार्शल अॅम्प्लिफायरला जोडला. त्याने सूर खरखरीत झाला, गुरगुरायला लागला. कॅसेटवर तुम्ही ऐकलात तो हाच.

गप्पांत त्या काळचे बाकीचे ऑर्गन-कीबोर्ड वाजवणारेही येतात. कीथ इमर्सनबद्दल यांच्यात दोन तट आहेत. तो ऑर्गनच्या पट्ट्यांमध्ये सुरे खुपसायचा, म्हणजे सूर दाबलेला राहतो आणि हात मोकळे होतात. वाद्य आडवं पाडून त्याच्यावर चढायचा. तुम्हाला हे अजिबात खपलं नसतं, मलाही बघवलं नाही. डोळे मिटून ऐकलं तेव्हा मात्र हात किती तयारीचा आहे ते कळलं. रिक वेकमनने १९७५ मध्ये लंडनच्या वेम्बलीत बर्फावर स्केटिंग करणाऱ्यांना घेऊन कार्यक्रम केला होता. त्याचा विषय निघाला की सगळे एकदम बोलायला लागतात, मला निम्मं कळत नाही.

त्यांच्यात एक आजी आहेत, बोलतात कमी. फेब्रुवारी १९७३ मध्ये इथल्या डी मॉन्टफर्ट हॉलमध्ये 'जेनेसिस' बँडचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला, तेव्हा त्या तिथे होत्या. त्यांच्या टोनी बँक्सने मेलोट्रॉन नावाच्या वाद्यावर पहिले स्वर धरले आणि पायाखालची लाकडी जमीन थरथरली, ती त्यांना बुटाच्या तळव्यातून जाणवली म्हणे. हे सांगताना त्यांनी आपोआप दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो. पट्टी दाबली की तो सरकतो, सुमारे आठ सेकंदांत संपतो आणि सोडली की स्प्रिंगने परत मागे. म्हणजे आठ सेकंदांच्या आत बोट उचलून दुसरीकडे जायलाच हवं.

या आजींचा जीव मात्र 'पिंक फ्लॉइड' बँडच्या रिचर्ड राइटवर. तो कधी पुढे आला नाही, मागे बसून गाण्याखाली सूर अंथरत राहिला. जुलै २००५ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात बँडमधले ते चौघे कित्येक वर्षांनी एकत्र वाजले, २००८ मध्ये राइट गेला. आजी म्हणाल्या, तो नसल्यावर कळलं की सगळं कशावर उभं होतं. मला तुमचं वाक्य आठवलं, साथ करणाऱ्याने आधी ऐकायचं असतं.

आता ज्यासाठी पत्राला बसले ते सांगते.

लॉर्डने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी आपला बँड आणि अख्खा वाद्यवृंद यांच्यासाठी तीन भागांची एक रचना लिहिली. २४ सप्टेंबर १९६९ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ती सादर झाली. रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा आणि समोर वाद्यवृंदाचे संचालक माल्कम अर्नोल्ड. वादकांपैकी काही जणांनी नाकं मुरडली होती, पण अर्नोल्ड ठामपणे या पोरांच्या पाठीशी उभे राहिले. आमच्यातले एक आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे, अगदी वरच्या गॅलरीत उभे होते. शेवटी टाळ्या थांबेनात म्हणून तिसऱ्या भागातला तुकडा परत वाजवला, हे सांगताना त्यांचा आवाज कापरा झाला.

पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, त्या रचनेची स्वरलिपी हरवली. सगळ्या वाद्यांची, पानन् पान.  जवळजवळ तीस वर्षं ती रचना परत वाजवता आली नाही. मग मार्को द खूय नावाच्या नेदरलँड्सच्या एका तरुण संगीतकाराने ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून, चित्रफीत पुन्हा पुन्हा बघून, कुठलं वाद्य काय वाजवतंय ते कानाने वेगळं काढलं आणि सगळं परत कागदावर उतरवलं. जिथे कानाला पोचता आलं नाही तिथे लॉर्डने स्वतः आणि पॉल मान या संचालकाने बसून जागा भरल्या. सप्टेंबर १९९९ मध्ये, त्याच अल्बर्ट हॉलमध्ये, ती पुन्हा वाजली. लॉर्ड ऑर्गनवर होता. २०१२ मध्ये तो गेला, पण रचना आता कागदावर आहे, कुणीही वाजवू शकतं.

हे ऐकलं त्या रात्री मला झोप आली नाही. सारखं ऑगस्ट २०१९ डोळ्यांसमोर येत होतं. गावभागात पाणी चढलं आणि कपाटाच्या खालच्या खणातल्या तुमच्या नोटेशनच्या १९ वह्या गेल्या. पानं सुटी करून तुम्ही गच्चीवर वाळत घातली होतीत, शाई फुटून नुसते निळे डाग राहिले होते. त्यानंतर पायपेटीवरचं कापड तुम्ही काढलं नाहीत. विषय काढला की "आता कशाला" म्हणता.

पण अण्णा, माळ्यावरच्या कॅसेटी कोरड्या राहिल्या आहेत. तालमींच्या आहेत, प्रयोगांच्या आहेत, दोन तर नुसत्या तुमच्या वाजवण्याच्या. त्या नेदरलँड्सच्या मुलाला अख्ख्या वाद्यवृंदातली वाद्यं वेगळी काढायची होती, आपल्याला एकच पायपेटी काढायची आहे. शिवाय ज्याने वाजवलं तो माणूस समोर बसलेला असेल. मी ऐकून लिहीन, तुम्ही चुका काढा. तुम्ही शिकवलेलं नोटेशन मी विसरलेले नाही.

वीस डिसेंबरला पोचते, तीन आठवडे आहे. कॅसेटी खाली काढून ठेवा, पण उन्हात ठेवू नका. टेपरेकॉर्डरच्या मागच्या मॉडेल नंबरचा फोटो छोट्याला पाठवायला सांगा. आतला रबरी पट्टा सैल झाला असणार, तो आजोबा इथून मिळवून देणार आहेत. आणि पायपेटीवरचं कापड काढून भात्याला कुठे भोक पडलंय का, तेवढं बघून ठेवा.

काकूंना नमस्कार. गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या.

तुमची,
मनू