क्षमेची किंमत कोणी सोसायची?

इंदूर
पवित्र सप्ताह

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावाने तुला आईबाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी तुझ्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. छापखान्याच्या हिशेबात तुझ्या भागीदाराने जे केले त्याचा राग आम्हा दोघांनाही आला आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते नुकसानीची झळ न लागलेल्या माणसाने केलेला उपदेश आहे असे तुला वाटणार नाही. तू दोन प्रश्न विचारले आहेस. त्याला क्षमा केली तर त्याने केले ते चालण्यासारखे होते असा अर्थ निघणार नाही का, हा पहिला. दुसरा तू शेवटच्या ओळीत संकोचत लिहिला आहेस: देव सर्वसमर्थ आहे तर त्याला ‘जा, माफ केले’ एवढे म्हणून विषय संपवता आला नसता का, एका निरपराध माणसाने वधस्तंभावर मरण्याची गरजच काय होती. असा प्रश्न विचारल्याने श्रद्धा कमी होत नाही. आमच्या पिढीने तो मनातल्या मनात ठेवला, तू लिहून विचारलास, हे मला चांगले वाटले. या दोन प्रश्नांचे मूळ एकच आहे असे मला वाटते, म्हणून दुसऱ्यापासून सुरुवात करते.

‘नुसते माफ करणे’ असे काही जगात असते का, याचा आधी विचार कर. तुझ्या भागीदाराने नेलेले पैसे तू सोडून दिलेस तर ते पैसे नाहीसे होत नाहीत. कागदवाल्याचे देणे, कामगारांचा पगार आणि बँकेचा हप्ता यांच्या रूपाने ते नुकसान तुझ्या घरात राहते आणि तुलाच भरावे लागते. त्याने तुझ्याविषयी जे बोलायचे ते बोलून ठेवले आहे, आणि तू उलट बोलायचे नाही असे ठरवलेस तर ती बदनामीही तुझ्याच अंगावर राहते. अन्याय खरा असेल तर त्याचा भार कोणाला तरी उचलावा लागतो, एक तर अन्याय करणाऱ्याने किंवा ज्याच्यावर झाला त्याने, आणि अन्याय सोसणाऱ्याने तो आपण होऊन उचलला की त्याला आपण क्षमा म्हणतो. देवाच्या क्षमेचेही असेच आहे. वधस्तंभ ही देवाने क्षमा करण्यासाठी घातलेली अट आहे असे मी मानत नाही; क्षमा करताना त्याला स्वतःला जे सोसावे लागले ते त्या टेकडीवर, रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या अमदानीत, लोकांच्या डोळ्यांसमोर दिसले, असे मी मानते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो आपल्या चर्चमधल्या काही प्रवचनांतूनही पसरतो. रागावलेल्या पित्याने अपराध्यांना सोडून तिसऱ्याच कोणा निष्पाप माणसाला शिक्षा केली, असे चित्र पुष्कळदा रंगवले जाते, आणि तसे असते तर तुझी तक्रार शंभर टक्के योग्य ठरली असती. पण प्रेषित पौलाने करिंथकरांस, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात देव ख्रिस्तामध्ये होता आणि जगाचा स्वतःशी समेट करीत होता असे म्हटले आहे. न्याय करणारा आणि सोसणारा हे दोन वेगळे पक्ष नाहीत. अब्राहामाने आपल्या मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला मोरिया देशातल्या डोंगरावर जाताना त्याला सांगितले होते की होमासाठी कोकरू देव स्वतः पाहून देईल. ख्रिस्ती मंडळीने वधस्तंभाकडे पाहिले ते त्या वाक्याच्या आधाराने. माणसाने देवाला काही तरी देऊन त्याचा राग शांत करायचा, ही यज्ञाची जी जुनी समजूत जगभर आढळते, तिची दिशाच इथे उलटते, कारण देणारा देव आहे आणि घेणारे आपण आहोत.

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचे वर्णन आहे, ते सावकाश वाच. दोन बकरे आणायचे, एकाचा यज्ञ करायचा, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांच्या सर्व पापांचा उच्चार करून त्याला रानात सोडून द्यायचे. मुख्य याजकाने वर्षातून त्या एकाच दिवशी पडद्याआड परमपवित्र स्थानात जायचे. लहानपणी मला हे सगळे क्रूर आणि परके वाटायचे. आता वाचताना दिसते ते हे, की त्या लोकांनी पाप हलके मानले नाही आणि ते आपल्या हातून धुतले जाईल असेही मानले नाही. संदेष्ट्यांनी मात्र त्या विधींच्या मर्यादा उघड सांगितल्या. मला यज्ञ नको, दया हवी, असे होशेयाच्या तोंडून देव म्हणतो. इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचे मंदिर पाडले आणि तिथले यज्ञ कायमचे थांबले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात एक बारीक तपशील आहे, ज्याच्यावर मी पुन्हा पुन्हा थांबते: प्रत्येक याजक रोज उभा राहून तेच ते यज्ञ अर्पण करतो, परंतु ख्रिस्त एकदाच स्वतःला अर्पून देवाच्या उजवीकडे बसला. काम संपल्याशिवाय याजक बसत नाही. तेव्हा तुझ्या, माझ्या किंवा तुझ्या भागीदाराच्या पापासाठी आता आणखी कोणाचे रक्त सांडायचे, कोणाला पुरते उद्ध्वस्त करून समाधान मिळवायचे, असे काही उरलेले नाही.

आता हे केवळ शास्त्रात राहू नये म्हणून आपल्या इंदूरजवळचीच गोष्ट सांगते. तू ती लहानपणी ऐकली आहेस, पण आता मोठ्या माणसाच्या कानांनी ऐक. केरळातून आलेल्या सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आदिवासींमध्ये काम करीत होत्या. सावकारांच्या कचाट्यातून लोकांना सोडवावे, सरकारी योजनांचे कर्ज त्यांना मिळवून द्यावे, त्यांनी आपल्या हक्कांसाठी उभे राहावे, असे ते काम होते, आणि ज्यांचे व्याज बुडत होते त्यांना ते खुपत होते. 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्या उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये बसल्या होत्या. वाटेत समंदरसिंह नावाच्या माणसाने त्यांच्यावर चाकूने वार करायला सुरुवात केली, बस थांबवून त्यांना बाहेर ओढले, आणि प्रवाशांच्या देखत त्यांचा जीव घेतला. अंगावर 50हून अधिक जखमा होत्या. त्यांना मारण्यासाठी त्याला चिथावणारे दुसरेच होते. त्याला जन्मठेप झाली.

यानंतर जे घडले ते मी अनेक वर्षे मनात घोळवते आहे. 2002 च्या राखीपौर्णिमेला सिस्टर राणी मारियांच्या धाकट्या बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्या माणसाच्या हातावर राखी बांधली. बाळा, आपण माळव्यातली मराठी माणसे. राखी बांधून घेणाऱ्यावर काय जबाबदारी येते हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. पुढे त्यांच्या आईनेही समंदरसिंहाचे हात हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले, कारण त्या हातांना आपल्या मुलीचे रक्त लागले होते. मी आई आहे, आणि हे वाक्य लिहिताना अजूनही माझा हात थांबतो. घरच्यांनी आणि धर्मभगिनींनी त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले, 2006 मध्ये तो सुटला, आणि पश्चात्ताप करून तो त्या घरचा होऊन राहिला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरात सिस्टर राणी मारियांना रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणारी, म्हणून ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पदवी) घोषित करण्यात आले. आपण कॅथलिक नाही आणि ‘धन्य’, ‘संत’ या पदव्यांविषयी आपल्या मंडळीची समजूत वेगळी आहे, तरीही मी आणि तुझे बाबा त्या दिवशी मंडपात मागे उभे होतो, आणि गेलो याचे मला समाधान आहे.

या सगळ्यात तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या घराने खून झालाच नाही असे म्हटले नाही, झाले ते चालण्यासारखे होते असे म्हटले नाही, न्यायालयाच्या मार्गात उभे राहिले नाही. समंदरसिंहाने तुरुंगात अकरा वर्षे काढली. क्षमा करण्यासाठी आधी अपराधाला अपराध म्हणावे लागते. जिथे दोषच नाही तिथे क्षमा करायची कसली? मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला दृष्टान्त तुला पाठ आहे, पण त्यातले आकडे कधी मांडून पाहिलेस का? एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दिनार. राजाने ज्या चाकराला 10,000 तालांत सोडून दिले त्याचे देणे 6 कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते, म्हणजे ते फिटण्याचा प्रश्नच नव्हता. पण ज्या सोबतीला त्याच चाकराने मग देण्यापायी तुरुंगात टाकले त्याचे देणेही 100 दिनारांचे होते, कष्टकरी माणसाची तीन-चार महिन्यांची कमाई. प्रभूने ते चार-दोन पैसे आहेत असे सांगितले नाही. तुझे जे गेले आहे ते थोडके नाही, हे येशूला मान्य आहे. तो तुला एवढेच विचारतो की हा 100 दिनारांचा हिशेब तू कोणत्या खात्यासमोर ठेवून पाहतोस.

आशेविषयी तू काही विचारले नाहीस, पण तिच्याशिवाय हे सारे अर्धवट राहते. मेलेला माणूस मेलाच आणि दुष्टाचे शेवटी चालतेच, असे असेल तर क्षमा करणारा माणूस भोळा ठरतो, आणि पौलानेही हे झाकलेले नाही: ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे, असे त्याने करिंथकरांना पहिल्या पत्रात स्वच्छ लिहिले. हे पत्र इ.स. 55 च्या सुमाराचे, म्हणजे घटनेनंतर पंचवीसेक वर्षांच्या आतले, आणि त्यात तो सांगतो की उठलेल्या प्रभूला 500हून अधिक बंधूंनी एकाच वेळी पाहिले व त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. तो जणू म्हणतो, जाऊन त्यांना विचारा. आपली आशा ‘होईल हळूहळू सगळे ठीक’ अशा समजुतीवर टेकलेली नाही. ती या एका घडलेल्या गोष्टीवर टेकली आहे.

आणि उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने तेच दाखवले. देवाला आपल्या पुत्राला व्रणांशिवाय उठवता आले नसते का? पण व्रण राहिले आणि त्यांचा आरोप तेवढा नाहीसा झाला. ज्या शिष्यांनी त्याला सोडून पळ काढला होता त्यांनाच ते व्रण दाखवत तो ‘तुम्हांस शांती असो’ म्हणाला. म्हणून घडले ते विसर असे मी तुला सांगणार नाही, आणि कोणी सांगितले तर ऐकू नकोस. तुझ्याजवळ आठवण राहील. तिच्यातून विष निघून जाईल अशी आशा आपण धरतो, आणि ते एका रात्रीत निघत नाही. पेत्र या शिष्याने किती वेळा क्षमा करू असे विचारले तेव्हा प्रभूने सत्तर वेळा सात सांगितले, ते मला वाटते एकाच अपराधासाठीही लागू पडते, कारण तोच राग सकाळी पुन्हा उठून उभा राहतो.

आता व्यवहाराचे लिहिते. क्षमा करणे आणि पुन्हा भागीदारी करणे या निराळ्या गोष्टी आहेत. भावांनीच गुलाम म्हणून विकलेल्या योसेफाने, ते भाऊ पुढे त्याच्याकडे धान्यासाठी आले त्या पहिल्या खेपेला आपली ओळख दिली नाही; त्यांची मने बदलली आहेत की नाहीत हे त्याने आधी पाहिले. जकातदार जक्कयाला प्रभूने घरी जाऊन आपलेसे केले, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत देतो असे जक्कय स्वतः म्हणाला. पैसे परत मागणे म्हणजे सूड घेणे असे समजून संकोचू नकोस. वकिलामार्फत नोटीस पाठवायची असेल तर पाठव, कारण कामगारांचे पगार त्या पैशांत अडकले आहेत आणि त्यांचे नुकसान सोडून देण्याचा अधिकार तुला नाही. तुझ्या वाट्याचे काय सोडायचे ते तू ठरव. मात्र त्याच्या बायकोमुलांविषयी वाईट बोलू नकोस, बाजारात त्याची अब्रू काढू नकोस, आणि रोजच्या प्रार्थनेत त्याचे नाव घे, मन लागत नसले तरी घे.

नोटीस लिहिण्याआधी पौलाने फिलेमोनाला लिहिलेले पत्र वाच. अवघी 25 वचने आहेत, चहा निवायच्या आत वाचून होतील. मालकाकडून पळून गेलेल्या अनेसिम या गुलामाला पौल परत पाठवतो आहे आणि त्याच्या मालकाला, म्हणजे फिलेमोनाला, लिहितो आहे की याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा हा तुझे काही देणे लागत असेल, तर ते माझ्या हिशेबी मांड. मी पौल हे स्वहस्ते लिहीत आहे, मी ते फेडीन. देण्याचा आकडा खोडलेला नाही, फक्त तो कोणाच्या नावावर लिहायचा ते बदलले आहे. ते वाचून झाल्यावर तुझ्या नोटिशीचा मसुदा आम्हाला पाठव. बाबांना हिशेबाचे कागदही पाहायचे आहेत, मागच्या दोन्ही वर्षांचे ताळेबंद सोबत जोड.

तुझी,
आई