चित्र घ्यायचं कधी?

महोदय,

चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं १९५४ चं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटींना गेलं. तेव्हापासून ओळखीपाळखीचे मला विचारतात, ‘चित्रांत पैसे टाकावेत का?’ मी निवृत्त बँक कर्मचारी. ३० वर्षांत ११ चित्रं घेतली, बहुतेक मुंबईच्या जहांगीर कलादालनात, तीही हप्त्यांनी. एकही विकलेलं नाही, तेव्हा गुंतवणुकीचं मला विचारूच नये.

कधी घ्यावं, एवढं मात्र सांगतो. जहांगीरमधलं प्रदर्शन मंगळवारी लागतं, सोमवारी उतरतं. पहिल्या दिवशी मी नुसतं बघून येतो. शनिवारपर्यंत लोकलमध्ये, भाजी निवडताना ते चित्र आपसूक आठवलं, तर पुन्हा जातो. या नादात एक जलरंग हातचं गेलं. वाईचा घाट, आणि पाण्याच्या जागी कोरा कागद तसाच सोडलेला! रविवारी पोचलो तर खाली लाल टिकली, म्हणजे विकलं गेलेलं. अजून हळहळतो.

एकदा उलट झालं. एका दालनातले विक्रेते ‘उद्या भाव वाढेल’ म्हणाले, घेऊन टाकलं. घरी भिंगातून पाहिलं तर सगळीकडे एकसारखे ठिपके, छापील प्रत! बायको म्हणाली, ‘फ्रेम बरी आहे.’ आता चित्र उजेडात तिरकं धरून बघतो, मागची बाजू पाहतो, चित्रकाराच्या सहीच्या पावतीशिवाय पैसे देत नाही.

लिलावांचे आकडे तुम्ही ठळक छापता. चालू प्रदर्शनांतल्या पाच-दहा हजारांच्या चित्रांनाही दोन ओळी द्याल का?

– एक वाचक, डोंबिवली