आपल्या कवटीची चिठ्ठी

दादर, मुंबई

प्रिय विन्या,

चार महिने पत्र नाही, माफ कर. तब्येत ठीक, गुडघा तसाच.

तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू? कपाटातल्या प्लास्टरच्या कवटीवरचं ‘डायसिनोडॉन ह्यूनेई’ (डायसिनोडॉन हा डायसिनोडॉन्ट गटातल्या नामशेष प्राण्यांचा एक वंश) हे नाव आता टिकत नाही. 2019 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ कॅमररने टांझानियातल्या उसिली खडकथरांतल्या, याच नावाच्या कवट्या पुन्हा तपासल्या, तर एका नावाखाली दोन जाती निघाल्या. नाव बांधलेलं असतं मूळ नमुन्याला, म्हणजे ज्या नमुन्यावरून ते पहिल्यांदा दिलं त्याला, आणि तो निघाला डॅप्टोसेफॅलस या दुसऱ्याच वंशाचा. त्यामुळे ‘ह्यूनेई’ तिकडे गेली. मागे राहिलेल्या कवट्या डायसिनोडॉनच्याच, पण बिननावाच्या. त्यांना ‘अँजिएल्चिकी’ हे नवं नाव मिळालं. इराण्याकडे दोन चहा होईस्तोवर तू ‘दोन जाती कसल्या, नर-मादी असतील’ म्हणत होतास, आठवतं ना?

आपली कवटी यातली कुठली? चिठ्ठीवर नमुना क्रमांकच नाही! मापांवरून ठरवावं, तर डॅप्टोसेफॅलसचं मुस्कट उंच, उतार तीव्र. माथ्यावरची, कानशिलांच्या दोन भोकांमधली पट्टी अरुंद, तिथली डोळ्यामागची हाडं जवळजवळ उभी. पण दगडाच्या दाबानेही असंच होतं. बाजूंनी चेपली की पट्टी अरुंद दिसते, वरून चेपली की मुस्कट बसकं. म्हणून कॅलिपरने डावी-उजवी मापं वेगळी घेतोय. डोळ्याची एक खोबण गोल आणि दुसरी लांबट निघाली, तर पट्टीच्या रुंदीवर विसंबता येणार नाही. सुळ्यांवर तर नाहीच. डायिक्टोडॉन या त्यांच्याच गटातल्या प्राण्यात तेच नर-मादीचा फरक मानले जातात (हा मुद्दा तुझाच, घे). हाडांचे सांधे बघायला टॉर्च तिरपा धरला, पण ओतताना ते बुजलेत, आणि पावसाने प्लास्टर इतकं भुसभुशीत झालंय की ब्रशसुद्धा लावायची भीती वाटते.

मूळ नमुन्याचीच प्रत असेल तर ‘डॅप्टोसेफॅलस ह्यूनेई (हॉटन, 1932)’ लिहीन. कंस हवाच, वंश बदलला की नाव देणारा कंसात जातो. तोवर ‘डायसिनोडॉन्ट, वंश अनिश्चित’. मुलं चुकीचं नाव पाठ करून जातात, ते मला सहन होत नाही.

देसाई सरांची निळी वही तुझ्याकडेच आहे ना? कवटी आली तेव्हाची नोंद त्यात असेल.

बदलीचं काय झालं? छोटीला दहावीबद्दल शाबासकी, कुंदावहिनींना नमस्कार. वहीचे फोटो पाठव, मागच्या पुठ्ठ्यासकट. सर क्रमांक तिथेच लिहायचे.

तुझा,
मिल्या