पडद्यावर फिरती चाके, आत चालणारा बिंगो

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गोव्यातील कॅसिनोंविषयी वृत्तपत्रांतून जी चर्चा होते, ती बहुधा मांडवीतील बोटी, त्यांचे परवाने आणि सरकारच्या तिजोरीत पडणारा महसूल यांच्याभोवती फिरते. खेळणारा ज्या यंत्रासमोर पैसे लावून बसतो, त्या यंत्राच्या आत काय चालते हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. अमेरिकेत मात्र याच प्रश्नावर मूलनिवासी जमाती, राज्य सरकारे, संघराज्याचे आयोग आणि न्यायालये वर्षानुवर्षे झगडत आली आहेत. या झगड्याच्या केंद्रस्थानी जे यंत्र आहे, त्याला तेथे इलेक्ट्रॉनिक बिंगो मशीन म्हणतात. आपल्याकडील कायद्यांची शब्दरचना पाहता हे यंत्र समजून घेणे आपल्यालाही अगत्याचे आहे, असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे.

बाहेरून पाहिले तर ते नेहमीच्या स्लॉट मशीनसारखेच दिसते. बटण दाबले की चेरी, घंटा, सत्ते अशी चित्रे असलेली चाके गरगर फिरतात, थांबतात आणि खेळणारा जिंकतो किंवा, बहुतेक वेळा, हरतो. परंतु पडद्याच्या एका कोपऱ्यात पाच आडव्या आणि पाच उभ्या घरांचे एक लहानसे कार्ड असते आणि खरा खेळ तेथे चाललेला असतो. बटण दाबताच यंत्र मध्यवर्ती सर्व्हरला कळवते की एक खेळाडू तयार आहे. सर्व्हर त्याच सुमारास बटण दाबलेला निदान आणखी एक खेळाडू गाठतो, १ ते ७५ मधील आकडे सोडतीने काढतो आणि ते प्रत्येकाच्या कार्डावरील २४ आकड्यांशी ताडून पाहतो; मधले पंचविसावे घर सर्वांना फुकट असते. ज्याच्या कार्डावर आधी ठरवलेली नक्षी सर्वांत अगोदर पूर्ण होते, त्याच्यापाशी तो डाव संपतो, आणि इतरांना मधल्या लहान नक्षींबद्दल काही बक्षीस मिळाले तर मिळते. आपल्याकडे गणेशोत्सवात सोसायटीच्या मांडवात हाउसी खेळणाऱ्यांना हे चटकन कळेल. तेथे आकडे ९० आणि तिकिटावर १५ असतात. तरी ‘जल्दी पाच’ आणि ‘फुल हाउस’ यांच्यात जे नाते आहे, तेच येथे लहान नक्षी आणि डाव संपवणारी नक्षी यांच्यात आहे. फरक एवढाच की हा सगळा डाव काही क्षणांत उरकतो. पडद्यावरची चाके त्या निकालाची केवळ सजावट असतात. ती कोठे थांबणार हे बिंगोचा निकाल ठरवतो, चाके काहीही ठरवत नाहीत.

साधे स्लॉट मशीन तयार असताना असा द्राविडी प्राणायाम कोणी का करावा? याचे उत्तर अमेरिकेच्या कायद्यात आहे.

फ्लोरिडातील सेमिनोल जमातीने १९७९ मध्ये हॉलिवूड या गावी मोठ्या रकमेच्या बक्षिसांचे बिंगोगृह सुरू केले, तेव्हा स्थानिक शेरीफने ते बंद पाडण्याचा प्रयत्न केला; प्रकरण संघराज्याच्या न्यायालयात गेले आणि १९८१ मध्ये अपिलातही जमातच जिंकली. पुढे कॅलिफोर्नियातील कबाझोन जमातीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये असा निर्णय दिला की, ज्या राज्यात बिंगोसारखा खेळ मुळात निषिद्ध नाही, त्या राज्याला जमातीच्या स्वशासित भूमीवर त्या खेळासंबंधीचे आपले नियम लादता येणार नाहीत. या निकालानंतर अमेरिकी काँग्रेसने १९८८ मध्ये जमातींच्या जुगाराचा स्वतंत्र कायदा केला आणि खेळांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गात पारंपरिक, सणासमारंभांतील खेळ आले. दुसऱ्या वर्गात बिंगो आला, आणि ‘इलेक्ट्रॉनिक, संगणकीय किंवा अन्य तांत्रिक साधनांचे साहाय्य घेतले असो वा नसो’ अशा आशयाची पुस्ती त्याला जोडली गेली. स्लॉट मशीन आणि कोणत्याही नशिबाच्या खेळाची इलेक्ट्रॉनिक प्रतिकृती मात्र तिसऱ्या वर्गात टाकण्यात आली. तिसऱ्या वर्गातील खेळांसाठी राज्याशी करार करावा लागतो, आणि अशा करारांत अनेकदा उत्पन्नाचा वाटा राज्याला देण्याचे कलम येते. दुसऱ्या वर्गासाठी कराराची गरज नाही. तेथे जमातीचे स्वतःचे नियंत्रण आणि त्याच कायद्याने स्थापन केलेल्या राष्ट्रीय आयोगाची देखरेख एवढे पुरते.

यात भर पडली ती १९९६ च्या निकालाची. करारासाठी वाटाघाटीच न करणाऱ्या राज्याला, त्याच्या संमतीवाचून, जमात संघराज्याच्या न्यायालयात खेचू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सेमिनोल जमातीच्याच खटल्यात ठरवले. जेथे राज्य करार करीत नव्हते तेथे जमातींपुढे एकच मार्ग उरला, तो म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बिंगो आणि खेळणाऱ्याच्या दृष्टीने स्लॉट असे यंत्र घडवणे. साहाय्य कोठे संपते आणि प्रतिकृती कोठे सुरू होते, या एका रेषेवर हा सारा उद्योग उभा राहिला. ‘मेगामेनिया’ नावाच्या खेळाची कथा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. वेगवेगळ्या राज्यांतील बिंगोगृहांत बसलेले खेळाडू जाळ्याने एकमेकांशी जोडले जात, आकड्यांचे चेंडू ओक्लाहोमातील टल्सा येथे काढले जात, आणि डावात टिकून राहायचे तर काही आकड्यांमागे प्रत्येक कार्डासाठी पुन्हा पैसे भरावे लागत. हे जुगाराचे बेकायदा उपकरण आहे असे म्हणून सरकारने यंत्रे जप्त करण्यासाठी दावे लावले. परंतु २००० साली नवव्या आणि दहाव्या सर्किटच्या (म्हणजे संघराज्याच्या न्यायव्यवस्थेतील प्रादेशिक विभागांच्या) अपील न्यायालयांनी, खेळ यंत्रात नसून खेळाडूंच्या परस्पर स्पर्धेत आहे आणि यंत्र हे त्याचे केवळ साधन आहे, या दिशेने जाऊन तो दुसऱ्या वर्गातला बिंगोच ठरवला.

हे तर्कशास्त्र मला पटते, पण अर्धेच. मेगामेनियात समोरच्या माणसाला निदान हे ठाऊक होते की आपण बिंगो खेळत आहोत, आकडा येण्याची वाट पाहत आहोत आणि दूरच्या गावी दुसरे कोणी आपल्याशी स्पर्धा करीत आहे. नंतरच्या यंत्रांत वेग वाढत गेला, कार्ड आक्रसत गेले आणि चाके मोठी होत गेली. २००६ आणि २००७ मध्ये राष्ट्रीय आयोगाने या यंत्रांचे वर्गीकरण स्पष्ट करणारे नियम प्रस्तावित केले होते. बिंगो हा बिंगो म्हणून दिसावा आणि डावाला किमान काही अवधी लागावा, असा त्यांचा रोख होता. जमातींनी उत्पन्न बुडेल म्हणून त्यांना कडाडून विरोध केला आणि २००८ मध्ये आयोगाने वर्गीकरणाचा तो प्रस्ताव बाजूला ठेवून यंत्रांची तांत्रिक मानके तेवढी लागू केली. जमातींची बाजू पोकळ होती असे नाही. १९८८ च्या कायद्यानेच हे उत्पन्न जमातीचे शासन, सदस्यांचे कल्याण, आर्थिक विकास आणि धर्मादाय अशा ठरावीक कामांसाठीच वापरण्याचे बंधन घातले आहे, आणि ज्यांच्याकडे दुसरा कर-महसूल जवळजवळ नव्हता अशा समाजांनी त्यातून दवाखाने आणि शाळा उभ्या केल्या आहेत. सेमिनोल जमातीने तर २००७ मध्ये हार्ड रॉक कॅफे आणि हॉटेलांचा जागतिक व्यवसाय ९६ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतला. त्याची मुळे त्या १९७९ च्या बिंगोगृहात आहेत.

अलाबामा राज्याचा अनुभव याच्या अगदी उलट टोकाचा आहे. तेथे काही परगण्यांत धर्मादाय कामासाठी बिंगोला परवानगी देणाऱ्या घटनादुरुस्त्या झाल्या, आणि त्यांच्या आडोशाने इलेक्ट्रॉनिक बिंगोची यंत्रे असलेली मोठमोठी केंद्रे उघडली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बिंगोची सहा लक्षणे सांगितली. त्यांचा मथितार्थ असा की, खेळाडूने पुकारलेला आकडा लक्ष देऊन ऐकला पाहिजे, आपल्या कार्डावर तो स्वतः खुणावला पाहिजे, आपण जिंकलो हे स्वतः ओळखून इतरांच्या आधी पुकारले पाहिजे, आणि यात तो चुकला तर बक्षीस गमावण्याची जोखीम त्याची असली पाहिजे. हे सारे यंत्र करणार असेल तर तो बिंगो नव्हे. त्यानंतर छापे पडले, मेकन परगण्यातील व्हिक्टरीलँडसारखी केंद्रे बंद होत आणि पुन्हा उघडत राहिली, आणि २०२२ मध्येही त्याच न्यायालयाला ही यंत्रे बेकायदा असल्याचे पुन्हा सांगावे लागले. गंमत अशी की त्याच अलाबामात पोर्च क्रीक जमातीच्या भूमीवर तशीच यंत्रे संघराज्याच्या कायद्याखाली राजरोस चालतात, कारण तेथे बिंगोची व्याख्या १९८८ च्या कायद्यातून येते आणि त्या व्याख्येला तांत्रिक साहाय्याचे वावडे नाही.

माझ्या मते अलाबामाच्या न्यायालयाने खेळाडूच्या हातांकडे पाहिले, संघराज्याच्या न्यायालयांनी सर्व्हरकडे पाहिले, आणि खेळणाऱ्याला जे सांगायला हवे त्याकडे दोघांचेही पुरेसे लक्ष गेले नाही. या यंत्रासमोर बसलेला मनुष्य चाकांकडे पाहून अंदाज बांधतो. तिसरे सत्ते एका घराने हुकले म्हणजे आता बक्षीस जवळ आले, हे यंत्र बराच वेळ ‘उपाशी’ आहे म्हणजे आता देईल, शेजारचे यंत्र ‘गरम’ आहे, असे आडाखे कोणत्याही कॅसिनोत ऐकू येतात. ते साध्या स्लॉट मशीनबाबतही खोटेच आहेत. पण बिंगोच्या यंत्रात ते दुप्पट खोटे ठरतात, कारण तेथे हुकलेले सत्ते ही घडलेली घटनाच नसते. हरलेल्या कार्डासाठी कोणते चित्र दाखवायचे, हा यंत्र रचणाऱ्याचा निर्णय असतो. निकाल प्रामाणिक सोडतीने लागला असेल, सर्व्हर तपासलेला असेल, कायद्याचे एकही कलम मोडले नसेल, तरीही पडद्यावरचे चित्र खेळणाऱ्याच्या मनात चुकीची समजूत रुजवू शकते. ब्रिटनमध्ये जुगाराच्या यंत्रावर ते सरासरी किती टक्के परतावा देते हे दाखवणे बंधनकारक आहे. इतकी साधी माहितीही अमेरिकेतील खेळणाऱ्याला यंत्रावर सहसा सापडत नाही.

आता आपल्याकडे येतो. महाराष्ट्रात कॅसिनोंना वाव देणारा १९७६ चा कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे तेथे हा प्रश्न तूर्त उद्भवत नाही. गोव्याचे तसे नाही. १९७६ च्या गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत ‘इलेक्ट्रॉनिक करमणूक’ आणि स्लॉट मशीन यांना वाट मोकळी झाली. तिरकस रेघ मारून शेजारी-शेजारी ठेवलेल्या या दोन शब्दांवर हॉटेलांतील यंत्रांचा पुढचा सारा व्यवसाय उभा राहिला. निकाल त्याच यंत्रात लागतो की दुसऱ्या शहरातील सर्व्हरवर, खेळाडू कॅसिनोविरुद्ध खेळतो की इतर खेळाडूंविरुद्ध, यांतील कशाचाही भेद त्या शब्दांत नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी तो सुचणे कठीण होते हे मान्य. परंतु त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. त्यातील ऑनलाइन खेळाची व्याख्या इंटरनेटपुरती मर्यादित नाही; इलेक्ट्रॉनिक संपर्क साधून देणाऱ्या इतर तंत्रज्ञानाद्वारे, सॉफ्टवेअरच्या स्वरूपात चालणारे खेळही तिच्यात येतात. मध्यवर्ती सर्व्हरला जोडलेले बिंगोचे यंत्र उद्या पणजीतील एखाद्या हॉटेलात आले, तर राज्याच्या कायद्याने ते परवानगी असलेली इलेक्ट्रॉनिक करमणूक ठरेल आणि केंद्राच्या कायद्याच्या शब्दांनुसार बंदी घातलेला ऑनलाइन खेळही ठरू शकेल. अमेरिकेत एकाच यंत्राला दोन कायद्यांनी दोन नावे दिल्यावर काय होते, ते अलाबामात दिसलेच आहे. तेथे निदान जमातीच्या भूमीची हद्द तरी आखलेली आहे.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. गोवा सरकारने कॅसिनोंसाठी नियमावली करताना यंत्राच्या रूपावर न जाता निकाल कोठे आणि कोणत्या पद्धतीने लागतो, यावरून यंत्रांचे वर्ग पाडावेत. जाळ्याने जोडलेल्या यंत्रांबाबत सर्व्हर कोठे आहे आणि त्याची तपासणी कोण करते, हे परवान्यातच नोंदवावे. खेळणाऱ्याला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, मराठी, कोकणी आणि इंग्रजीत, सरासरी परतावा आणि पडद्यावरील चित्रांचा निकालाशी असलेला खरा संबंध यंत्रावर लिहिणे सक्तीचे करावे. केंद्र आणि राज्य यांच्या व्याख्यांचा मेळ कसा बसतो, याचा खुलासा राज्याच्या विधी खात्याने, असे पहिले यंत्र दाखल होण्यापूर्वी, जाहीरपणे करावा.

आपला,
एक वाचक, मडगाव