ढगाचं उत्तर देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

प्रयोगाच्या पत्रकावर तुमचं नाव घालायचं नाही, असं तुम्ही ठणकावून सांगितलंत आणि मी ते पाळलं. पण प्रयोग पाहिलेली माणसं 'हे सुचलं कसं?' असं विचारतात, तेव्हा सगळं श्रेय एकट्यानं घेणं मला पटत नाही. म्हणून नाव न घेता, पण जाहीरपणे हे पत्र.

उन्हावर परफॉर्मन्स करायचाय, एवढंच घेऊन मी तुमच्याकडे आलो होतो. डोक्यात डेनिस ओपेनहाइम हा अमेरिकी कलावंत होता. १९७० साली तो छातीवर उघडं पुस्तक ठेवून ५ तास समुद्रकिनारी उन्हात पडून राहिला. पुस्तकाखालची कातडी तेवढी वाचली, बाकीची लालबुंद झाली. तिथं शरीर फक्त सोसतं. मला उन्हाच्या जोडीनं काम करायचं होतं, पण ते कसं, हे उमगत नव्हतं.

तुम्ही समजावत बसला नाहीत. खिडक्या काळ्या कागदानं बंद केल्यात, भोकाला डोळा लावायचा नाही अशी तंबी दिलीत आणि ब्लेडनं कागदात बारीकसं चौकोनी भोक पाडलंत. ४ मीटरवर धरलेल्या पुठ्ठ्यावर ठिपका पडला तो गोल! शेजारी तिकोनी भोक पाडलंत, त्याचाही ठिपका गोलच. 'हा भोकाचा आकार नाही, हे सूर्याचं चित्र आहे,' तुम्ही म्हणालात.

मी पुठ्ठा बाजूला करून तळहात धरला. साधारण ३.७ सेंटिमीटरचं बिंब, मिनिटाला सुमारे १.७ सेंटिमीटर सरकणारं. रंगमंचावर संथ हालचाली मी पुष्कळ केल्यात, पण हा वेग शरीराला ठाऊकच नव्हता. नुसता खोल श्वास घेतला तरी मनगट हलायचं आणि बिंब बोटांवर चढायचं. पुढचा सगळा सराव बिंब तळहातावर ठेवून त्याच्याच वेगानं हात सरकवण्याचा झाला. तुम्ही दर वेळी घड्याळ घेऊन शेजारी बसायचात, कधीही घाई न करता. ते बसणं मी विसरणार नाही.

ढगाचं मात्र माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. चित्र उलटं पडत असल्यामुळे ढग आकाशात ज्या बाजूनं येतो, तिच्या विरुद्ध कडेकडून बिंब पुसट होऊ लागतं, आणि मग नाहीसंच होतं. मी हात खाली घ्यायचो. एकदा तुम्ही विचारलंत, 'ऊन गेलं म्हणून पृथ्वी थांबली का?'

बाई, त्या प्रश्नातूनच हा प्रयोग उभा राहिला. आता ढग आला तरी हात अंधारात त्याच वेगानं सरकत राहतो. ऊन परततं तेव्हा बिंब कधी तळहाताच्या मधोमध उतरतं, कधी चार बोटं दूर पडतं. प्रेक्षक श्वास रोखून पाहत असतात ते नेमकं हेच अंतर. माझ्या मते प्रयोगातला सर्वांत जिवंत क्षण तोच आहे, आणि तो तुमचा आहे.

सध्या हिवाळ्यातल्या प्रयोगांची तयारी चालू आहे. सूर्य खाली आल्यामुळे किरण खोलीत आणखी आतवर पोचतात. बिंब मोठं होतं, पण फिकटही. भोक केवढं ठेवावं यावर माझं आणि प्रकाशयोजना पाहणाऱ्या मित्राचं एकमत होत नाहीये. एखाद्या दुपारी याल का?

तुमचा ऋणी,
एक परफॉर्मन्स कलावंत