पेटी पोचली

जि. वर्धा
नागपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय दिनू,

तू शाळेसाठी पाठवलेली अवजारांची पेटी परवा पोचली. पोट्ट्यांनी ती शाळेच्या ओट्यावर उघडली तेव्हा सारं गाव जमलं होतं म्हण ना. पण खरं सांगतो, रागावू नको लेका, त्यातलं निम्मं सामान मी माळ्यावर टाकलं आहे.

पेटीवर 'मुलांसाठी सुरक्षित' असं छापलं होतं. सहावीतल्या एकानं त्यातला पेचकस स्क्रूला लावून जोर दिला, तर त्याचं टोकच पिळलं आणि घसरून डाव्या तळहाताला लागलं. थोडक्यात निभावलं, हळद दाबून भागलं. करवतीला तर दात नावालाच. अशी बोथट करवत पोरगं अंगाचा सारा जोर लावून रेटतं, आणि ती उडते ती थेट बोटावर. आमच्या वाढईकाकांनी ती अंगठ्यावर फिरवून पाहिली न् म्हणाले, "हे खेयनं हाय गुरुजी, अवजार नाई."

तुला माहीतच आहे, यंदा तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात ते लाकडी नंदी विकत आणायचे नाहीत, पोट्ट्यांनीच करायचे असं ठरलंय. (वर्ध्यात १९३७ साली गांधीजींची शिक्षण परिषद भरली, हातानं काम करत शिकावं म्हणून. आणि त्याच जिल्ह्यात आपण कार्यानुभवाच्या तासाला घोटीव कागदाची फुलं कापली!) तेव्हा काकांना घेऊन वर्ध्याच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि खरीच अवजारं आणली, फक्त लहान मापाची. सहा इंची पात्याची छोटी हॅक्सॉ घेतली. ती हळू कापते, आणि तोच तिचा गुण. घसरली तरी ओरखड्यावर भागतं. पातं लावताना दात पुढच्या बाजूला हवेत, हे मात्र रोज तपासावं लागतं. भोकांसाठी हातानं फिरवायचं ड्रिल घेतलं. ते चालवताना हातमोजे घालू देत नाही, कापड गुंडाळलं गेलं की बोटही आत जातं. एकानं विचारलं, "ग्राइंडर काहून नाई आणला?" मी नुसतं पाहिलं त्याच्याकडे.

सगळ्यात जास्त वेळ हातोडीनं खाल्ला. घरातली अर्ध्या किलोची दिली तर पोरगं दांडा पार लोखंडी डोक्याजवळ धरतं, आणि मग घाव कुठं पडेल सांगता येत नाही. म्हणून दोनशे ग्रॅमच्या शोधल्या. दोन नव्या मिळाल्या, तिसरी काकांच्या घरची जुनी. तिला त्यांनी उलटी धरून हलवली, तर आत खळखळ वाजलं. आपल्या उन्हाळ्यात दांडा वाळून आक्रसतो न, डोकं ढिलं पडतं. मी म्हटलं, रात्रभर पाण्यात ठेवू. ते हसले. भिजली की फुगून घट्ट बसते, पण वाळली की पुन्हा तेच, आणि एखाद्या दिवशी डोकं समोरच्याच्या कपाळावर. त्यांनी बाभळीची नवी पाचर तासून ठोकली, निघालेलं टोक कानशीनं घासलं, आणि मगच ती पोरांच्या हाती दिली.

बाभूळ पाचरीलाच बरी. नंदीसाठी आम्ही मऊ लाकडाची सावर घेतली. टणक लाकडावर पोट्टे लवकर दमतात, आणि दमलेल्या हातातून अवजार सुटतं. लाकूड मात्र हातानं धरायचं नाही, सी क्लॅम्पनं बाकाला आवळायचं. करवतीच्या मुठीवर दोन्ही हात असले की बोटं पात्याखाली जायला उरतच नाहीत. खिळासुद्धा चिमटीत धरायचा नाही, जुन्या कंगव्याच्या दातांत अडकवायचा. ही युक्ती सातवीतल्या एका मुलीची. पटाशी अजून काकांच्याच हातात आहे. नंदीचे कान तेच कोरतात, पोट्टे भोवती बसून पाहतात.

तुझी टेप, पॉलिश पेपर आणि रंग मात्र फार कामी आले, ते लिहायचं राहूनच जात होतं. आतापर्यंत चार नंदी चाकांवर उभे आहेत. एकाची मान जरा वाकडी आहे, पण त्याचा मालक ती बदलू देत नाही.

पोळ्याला सुट्टी काढ. वहिनींना नमस्कार, पिंकीला आशीर्वाद.

तुझा,
बाळू

ता. क. आणखी काही पाठवणारच असशील तर काम करताना डोळे वाचवायचे चष्मे पाठव, सहा. पण मागून इलॅस्टिकची पट्टी असलेलेच. इथे मिळतात ते मोठ्या माणसांचे, पोट्ट्यांच्या नाकावरून घसरतात आणि मग ते कपाळावर चढवून बसतात.